साठ अक्षरांची चिठ्ठी

एकदा माझ्याकडे एक पेनड्राइव्ह आला. आत दोनच फाइली होत्या. एक 'मेन' नावाची, सी भाषेत लिहिलेली, चारेकशे ओळींची. दुसरीचं नाव 'लिबकाटा', पुढे टिंब आणि टिंबानंतर 'ए' हे एकच अक्षर. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर बसवायचा होता. तो लिहिणारा गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्यामागे एवढंच उरलं होतं. "सर, गाळप सुरू व्हायच्या आत बघा," पेनड्राइव्ह आणणारा मुलगा म्हणाला. जाता जाता दारातून त्याने आणखी एक तक्रार सांगितली. पावतीवर ट्रकच्या नंबरातला शेवटचा आकडा कधीच छापला जात नाही, काट्यावरचा माणूस तो पेनने लिहितो. मागे कधीतरी म्हणे दुरुस्तीही झाली होती, पण फरक पडला नाही.

टिंबानंतर 'ए' असलेली फाइल म्हणजे आर्काइव्ह. या शब्दाने डोळ्यांसमोर पुराभिलेखागार येतं आणि ते चित्र फारसं चुकीचं नाही. पेशवे दप्तरात कागदांचा गठ्ठा फडक्यात बांधून ठेवतात, त्याला रुमाल म्हणतात. ही फाइलही एक रुमालच आहे. फरक एवढाच की आतले कागद माणसाने वाचायचे नाहीत. त्या ऑब्जेक्ट फाइली आहेत, म्हणजे कंपायलरने यंत्राच्या भाषेत उतरवलेले प्रोग्रॅमचे सुटे तुकडे, अजून एकमेकांना न जोडलेले.

'न जोडलेले' म्हणजे नेमकं काय, ते बघण्यासारखं आहे. समजा तुमच्या कोडमध्ये 'वजन वाच' अशा अर्थाचं फंक्शन बोलावलं आहे, पण ते फंक्शन दुसऱ्याच फाइलमध्ये आहे. कंपायलर एका वेळी एकच फाइल पाहतो. ते फंक्शन मेमरीत कुठे बसणार, हे त्याला कळायला मार्ग नाही. मग तो चक्क जागा मोकळी सोडतो. आजच्या ६४ बिटी इंटेल जातीच्या यंत्रासाठी बनवलेली ऑब्जेक्ट फाइल 'ऑब्जडंप' या कमांडने उलगडली, तर 'ई८' हा बाइट दिसतो. त्याचा अर्थ 'अमुक ठिकाणी जा'. आणि त्याच्यापुढे पत्त्याच्या जागी चार शून्य बाइट. सोबत एका वेगळ्या तक्त्यात नोंद असते की या जागी अमक्या नावाचा पत्ता नंतर भरायचा आहे. पाकिटावर नाव घातलं, पत्ता मात्र पोस्टात गेल्यावर विचारून लिहू, असा हा कारभार. तो पत्ता भरणारा प्रोग्रॅम म्हणजे लिंकर.

ही कल्पना युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्याही बरीच आधीची आहे. केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये एडसॅक हा कॉम्प्युटर चालू झाला आणि लवकरच तिथल्या मंडळींच्या लक्षात आलं, की वर्गमूळ काढणं, आकडे छापणं यांसारखी कामं प्रत्येक जण नव्याने लिहीत बसतोय. मग अशी कामं कागदी फितीवर भोकं पाडून एकदाच तयार केली आणि त्या फिती कपाटात ठेवून दिल्या. लागेल ती फीत काढायची, यंत्रावर तिची नक्कल आपल्या फितीला जोडायची आणि मूळ फीत परत जागेवर. कपाट खरोखरचं होतं, म्हणून 'लायब्ररी' हा शब्द तिथे शब्दशः खरा होता. पत्ते भरण्याचं काम डेव्हिड व्हीलर यांनी लिहिलेल्या अवघ्या ४१ आज्ञांच्या एका प्रोग्रॅममध्ये बसवलेलं होतं. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१ मध्ये या पद्धतीवर पुस्तकही काढलं.

बेल लॅब्समध्ये युनिक्सची पहिली नियमपुस्तिका निघाली नोव्हेंबर १९७१ मध्ये. त्यातल्या कमांडांची यादी आज चाळली तर आर्काइव्ह बांधणारी 'एआर' भेटते, 'एलडी' हा लिंकर भेटतो, सिम्बॉलची, म्हणजे फंक्शनं आणि डेटा यांची, नावं दाखवणारी 'एनएम' भेटते आणि नावं खरवडून काढणारी 'स्ट्रिप'ही. पन्नास वर्षं उलटून गेली तरी या चारही रोजच्या वापरात आहेत, त्याच नावांनी. फाइलींचे गठ्ठे बांधणारी, सगळीकडे मिरवणारी 'टार' त्यांच्यापुढे लहान. ती आली १९७९ च्या सातव्या आवृत्तीत.

'एआर' वापरायला सोपी आहे, फक्त तिची बोलण्याची ढब जुन्या माणसासारखी आहे, तुटक. कमांडच्या नावापुढे एक अक्षर लिहायचं. 'आर' म्हणजे आत घाल, आधीची असेल तर बदल. 'टी' म्हणजे यादी दाखव. 'एक्स' म्हणजे बाहेर काढ, 'डी' म्हणजे काढून टाक. अक्षराआधी वजाचं चिन्ह घातलं तरी चालतं, नाही घातलं तरी चालतं. 'क्यू' हे अक्षरही आहे, त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

मला या फाइलची रचना मात्र तिच्या कमांडपेक्षाही आवडते. तिच्यात लपवण्यासारखं काहीच नाही. फाइल सुरू होते आठ अक्षरांनी: उद्गारचिन्ह, मग कोनी कंसांत इंग्रजी 'आर्च', आणि ओळ संपल्याची खूण. त्यानंतर प्रत्येक आतल्या फाइलच्या आधी साठ अक्षरांची एक चिठ्ठी. पहिली १६ अक्षरं नावाची. पुढची १२ तारखेची, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांची. सहा मालकाच्या क्रमांकाची, सहा त्याच्या गटाच्या क्रमांकाची, आठ परवानग्यांची, दहा आकारमानाची. शेवटी दोन अक्षरांची ठरलेली खूण. बेरीज करा, साठच येते. चिठ्ठीनंतर आतली फाइल जशीच्या तशी. तिची लांबी विषम निघाली तर एक अक्षर भरीला घालून सम करायची आणि लगेच पुढची चिठ्ठी. संपलं.

यातली खरी मेख अशी, की चिठ्ठीतले सगळे आकडे आपण कागदावर लिहितो तसे, वाचता येतील अशा अंकांत लिहिलेले असतात. पूर्वी असं नव्हतं. सातव्या आवृत्तीच्या काळात हीच माहिती पीडीपी-११ या यंत्राच्या स्वतःच्या पद्धतीने, २६ बाइटांत कोंबलेली असायची. जागा वाचायची, पण दुसऱ्या जातीच्या यंत्रावर तोच आकडा उलटासुलटा वाचला जायचा, कारण मोठ्या संख्येचे बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे यावर यंत्रांचं एकमत नव्हतं. साध्या अंकांना ही अडचण येत नाही. मोडी येणारा आणि न येणारा, दोघांनाही वाचता येईल अशा बाळबोध अक्षरांत चिठ्ठी लिहिली की भांडण मिटतं.

कुरबुरी राहिल्याच. नावाला १६ जागा आणि माणसं फाइलींना नावं देणार चाळीस अक्षरांची. त्यावर मुक्त सॉफ्टवेअरवाल्या ग्नू मंडळींनी एक तोडगा काढला, युनिक्सच्या बीएसडी शाखेवाल्यांनी दुसरा. ग्नूने लांब नावांसाठी आर्काइव्हच्या आतच एक खास फाइल ठेवली आणि चिठ्ठीत फक्त 'त्या यादीत अमक्या जागी बघा' असं लिहिलं. बीएसडीने नाव चिठ्ठीच्या बाहेर, मजकुराच्या सुरुवातीलाच चिकटवलं. दोन भाऊ वेगळे झाले की चुली वेगळ्या होतात, तसं हे. मात्र सुरुवातीची आठ अक्षरं दोघांनीही सोडली नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरच्या लायब्ररी फाइलीही त्याच आठ अक्षरांनी सुरू होतात.

'एआर'ला आत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही ऑब्जेक्ट फाइली घाला, फोटो घाला, आजीच्या लोणच्याची कृती घाला, ती सगळ्याला चिठ्ठी लावून ठेवते. या निर्विकारपणाचा फायदा डेबियनच्या लोकांनी उचलला. डेबियन किंवा उबुंटूवर एखादा प्रोग्रॅम बसवायला जी 'डेब' फाइल येते, ती आतून निव्वळ एआर आर्काइव्ह असते. तिच्यात तीन वस्तू: '२.०' एवढंच लिहिलेली एक इवलीशी फाइल, पॅकेजच्या माहितीचा एक टार गठ्ठा आणि खुद्द प्रोग्रॅमचा दुसरा टार गठ्ठा. सी-डॅकचं 'बॉस' हे भारतीय लिनक्सही डेबियनवरच उभं आहे, तेव्हा तिथल्या पॅकेजांतही हीच साठ अक्षरी चिठ्ठी असते. पॅकेज बसवणारा नेहमीचा प्रोग्रॅम बिघडला तरी 'एआर' आणि 'टार' यांच्या जोरावर ही फाइल हाताने सोडवता येते. अडचणीच्या वेळी हे फार उपयोगी पडतं.

आता लिंकरकडे वळू, कारण माझी पहिली फजिती तिथे झाली. मी प्रोग्रॅम जोडायची कमांड लिहिली, तिच्यात आधी लायब्ररी घातली आणि मग मुख्य फाइल. पडद्यावर वीसेक तक्रारी आल्या, सगळ्या एकाच मजकुराच्या: अमक्या नावाचा उल्लेख आहे, पण ते सापडत नाही. नावं तर लायब्ररीत होती! सी शिकणाऱ्या प्रत्येकाने ही चूक एकदा तरी केलेली असते. मी तर शिकवायलाही लागलो होतो तेव्हा, आणि तरी केली.

कारण असं. लिंकर हातात मागणीची यादी घेऊन डावीकडून उजवीकडे चालतो. सुटी ऑब्जेक्ट फाइल भेटली की ती घेतोच, आणि तिला ज्या नावांची गरज आहे ती यादीत टिपतो. आर्काइव्ह भेटलं की मात्र आतून फक्त यादीतली नावं पुरवणाऱ्या फाइली उचलतो, बाकीच्यांना हात लावत नाही. लायब्ररी आधी आली तेव्हा यादी कोरी होती, म्हणून त्याने काहीच घेतलं नाही. पुढे मुख्य फाइलने वीस नावं मागितली, पण दुकान मागे पडलं होतं. आणि हा गडी मागे वळत नाही. गणिताच्या लायब्ररीचं नाव कमांडच्या शेवटी लिहा, असं कॉलेजात दरडावून सांगतात, त्याचं कारण एवढंच. कारण मात्र क्वचितच कोणी सांगतं.

हा हट्टीपणा आळसातून आलेला नाही, गरिबीतून आला. त्या काळी मेमरी इतकी थोडी होती, की सगळं आर्काइव्ह पोटात घेऊन निवड करणं शक्यच नव्हतं. इतकंच काय, सुरुवातीला आर्काइव्हच्या आतल्या फाइलींचाही क्रम सांभाळावा लागे. पहिल्या फाइलला दुसरीची गरज असेल तर दुसरी तिच्यानंतरच हवी. हा क्रम लावायला 'लॉर्डर' नावाची कमांड कोणाला कोणाची गरज आहे याच्या जोड्या छापायची आणि 'टीसॉर्ट' त्या जोड्यांवरून एक सरळ रांग लावून द्यायची. मग सातव्या आवृत्तीबरोबर 'रॅनलिब' आली. तिने आर्काइव्हच्या तोंडाशी एक सूची लावली: अमकं नाव, अमक्या जागेवरच्या फाइलमध्ये. लिंकर ती सूची पाहून हवं तिथे उडी मारू लागला आणि आतल्या क्रमाची कटकट संपली. आज 'एआर' ही सूची स्वतःच बनवते, म्हणून 'रॅनलिब' हाताने चालवायची वेळ फारशी येत नाही. 'टीसॉर्ट' मात्र अजून प्रत्येक लिनक्सवर आहे, मूळ काम सुटलेल्या पेन्शनरासारखी.

क्रम सुधारला आणि तक्रारी वीसवरून एकीवर आल्या. लायब्ररी ३२ बिटी आहे, मी मात्र ६४ बिटी प्रोग्रॅम बनवत होतो. हे आधीच बघायला हवं होतं. 'रीडएल्फ' ही कमांड ऑब्जेक्ट फाइलचं शीर्ष वाचून असली कुंडली क्षणात मांडते. एल्फ हे त्या फाइलींच्या आजच्या रचनेचं नाव. पूर्वीची रचना होती 'ए डॉट आउट', म्हणजे असेम्बलरचं आउटपुट. ती रचना गेली, पण तुम्ही नाव सांगितलं नाहीत तर कंपायलर आजही तयार प्रोग्रॅमला तेच नाव देतो.

३२ बिटी बनवायला सांगितल्यावर प्रोग्रॅम तयार झाला. चाललाही. आणि ट्रकच्या नंबरातला शेवटचा आकडा गायब.

आता कोड नसताना आत डोकवायचं होतं. इथे 'एनएम' कामी येते. ती आर्काइव्हमधल्या एकेका फाइलचं नाव छापते आणि त्याखाली सिम्बॉलची यादी देते, प्रत्येकापुढे एक अक्षर. 'टी' म्हणजे हे फंक्शन इथे आहे. 'यू' म्हणजे इथे नाही, बाहेरून हवं आहे. 'डी' म्हणजे किंमत घातलेला डेटा. 'बी' म्हणजे शून्याने सुरू होणारा डेटा, ज्याला फाइलमध्ये जागाच लागत नाही, फक्त 'इतकी जागा ठेवा' अशी नोंद. या विभागाला बीएसएस म्हणतात आणि ते नाव १९५० च्या दशकात आयबीएम ७०४ साठी लिहिलेल्या एका असेम्बलरमधून आलंय, ज्या लोकांनी युनिक्स हा शब्दही ऐकला नव्हता त्यांच्याकडून. अक्षर लहान लिपीत असेल तर ते नाव त्या फाइलपुरतं घरगुती.

लिबकाटा सी भाषेतली होती हे माझं नशीब. सी प्लस प्लसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शनं असू शकतात, म्हणून कंपायलर नावाला इतर तपशील चिकटवून ते विद्रूप करतो. दोन पूर्णांक घेणारं 'ॲड' हे फंक्शन लिनक्सवर 'अंडरस्कोर झेड तीन ॲड आय आय' होऊन बसतं. तीन म्हणजे नावातली अक्षरं, दोन 'आय' म्हणजे दोन पूर्णांक. 'सीप्लसप्लसफिल्ट' ही कमांड ते पुन्हा माणसात आणते.

आणखी एक नशीब म्हणजे कोणी 'स्ट्रिप' चालवलेली नव्हती. तयार प्रोग्रॅमवर ती चालवली तर हरकत नसते. सिम्बॉलची नावं चालण्यासाठी लागत नाहीत आणि फाइल आटोपशीर होते. पण आर्काइव्हवर सरसकट चालवली की लिंकरला लागणारी नावंही जातात आणि हातात राहतं ते पाट्या काढून टाकलेलं गाव. फक्त डिबगिंगची माहिती काढायला वेगळा पर्याय आहे, तो वापरावा.

वाचता येणारा मजकूर शोधायला मी 'स्ट्रिंग्ज'ही चालवली. चार किंवा जास्त छापण्याजोगी अक्षरं सलग दिसली की ती दाखवायची, एवढंच तिचं काम. इतक्या भोळ्या कमांडपासून कोणाला काय धोका? पण २०१४ मध्ये मिखाउ झालेव्स्की या सुरक्षातज्ज्ञांनी दाखवलं, की ग्नूची 'स्ट्रिंग्ज' फाइल निमूटपणे वाचत नाही. ती आधी फाइलची रचना ओळखायला जाते आणि मुद्दाम वाकडी बनवलेली फाइल दिली तर तिथे कोसळते. संशयास्पद फाइल तपासायला जी कमांड लोक सर्रास वापरायचे, तीच दगा देऊ शकत होती. पुढे रचनेत न शिरता सगळी फाइल वाचणं हेच तिचं नेहमीचं वागणं ठरलं.

ही रचना ओळखणारी सामायिक लायब्ररी म्हणजे बीएफडी. 'ऑब्जडंप', 'एनएम', 'एआर' या ग्नूच्या सगळ्या कमांडा तिच्यावर उभ्या आहेत. तिच्या नावाची कथा तिच्या माहितीपुस्तिकेतच दिलेली आहे. रिचर्ड स्टॉलमन म्हणाले, ही लायब्ररी लिहिणं फार अवघड जाईल. डेव्हिड वॉलेस यांनी तीन अक्षरांत उत्तर दिलं, बीएफडी. अर्थ साधारण 'त्यात काय एवढं मोठं', पण घरात म्हणता येणार नाही अशा शब्दांत. पुस्तिका पुढे कबूल करते की स्टॉलमनच बरोबर ठरले. नाव तेवढं टिकलं, नंतर त्याला एक सभ्य पूर्ण रूपही मिळालं.

लिबकाटाचं रहस्य मात्र यातल्या कशानेही सुटलं नाही. 'एनएम'च्या लांबलचक यादीत पावती छापणारं फंक्शन 'टी' या अक्षरासह मला दोनदा दिसलं. आधी वाटलं, पडदा वर सरकवताना तीच ओळ पुन्हा वाचली. मग साधी यादी मागितली, 'एआर'पुढे 'टीव्ही' ही दोन अक्षरं लिहून, म्हणजे तारखांसकट. अकरा नावं आली आणि त्यांत 'प्रिंटर' ही ऑब्जेक्ट फाइल दोनदा होती. एक चौथ्या जागी, तारीख २००६ ची. एक अगदी शेवटी, तारीख २००९ ची.

त्या गृहस्थाने दुरुस्ती खरंच केली होती. फक्त नवी फाइल आत घालताना 'आर'ऐवजी 'क्यू' लिहिलं होतं. 'क्यू' म्हणजे झटपट: आधी याच नावाचं काही आहे का हे न बघता शेवटी चिकटव. त्यामुळे जुनी जागेवर राहिली आणि नवी रांगेच्या टोकाला गेली. लिंकरला पावतीचं फंक्शन हवं होतं, त्याला ते चौथ्याच फाइलमध्ये मिळालं आणि त्याची मागणी भागली. शेवटच्या फाइलकडे तो गेलाच नाही. दोन्ही घेतल्या असत्या तर 'एकच नाव दोनदा' म्हणून त्याने आरडाओरडा तरी केला असता. घेतली एकच, म्हणून आवाज नाही. २००९ पासून ती दुरुस्ती फाइलमध्ये पडून होती आणि एकदाही चालली नव्हती.

तारखा दिसल्या म्हणून हे उलगडलं. आजच्या बहुतेक लिनक्सवर 'एआर' चिठ्ठीतली तारीख, मालक आणि गट या जागी मुद्दाम शून्य लिहिते, म्हणजे तोच कोड कोणीही, कधीही कंपाइल केला तरी फाइल बाइट न् बाइट सारखी यावी आणि मध्ये कोणी काही मिसळलं नाही हे पडताळता यावं. हेतू उत्तम आहे. पण मग आपल्याकडच्या यादीत सगळ्या फाइलींपुढे १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी एकच वेळ दिसते, कारण ग्रिनिचची मध्यरात्र म्हणजे इथली पहाट. लिबकाटा जुन्या यंत्रावर बनली होती, म्हणून तिच्या चिठ्ठ्या खरं बोलत होत्या.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण दोन 'प्रिंटर' फाइलींतली नेमकी कोणती काढायची, हे साध्या 'डी'ला सांगता येत नाही. नुसतं 'एक्स' लिहून बाहेर काढल्या असत्या तर दुसरी पहिलीवर लिहिली गेली असती. एकाच नावाच्या अनेकांतली नेमकी कितवी, हे सांगायला मोठं 'एन' आणि आकडा लागतो. आधी लायब्ररीची एक प्रत बाजूला ठेवली, मग 'डीएन' आणि पुढे १. यादी पुन्हा बघितली: दहा नावं, प्रिंटर एकच, २००९ ची.

गाळप सुरू झाल्यावर आठवड्याभराने त्या मुलाचा फोन आला. प्रोग्रॅम व्यवस्थित चालतोय, नंबर पूर्ण छापला जातोय. "पण सर, काट्यावरच्या काकांचा हात काही थांबत नाही," तो म्हणाला. "ते अजून पेनने शेवटचा आकडा लिहितातच. आता पावतीवर तो दोनदा येतो."